विसरभोळेपणाविषयी वारंवार विचारले जाणारे, आणि विचारून विसरले जाणारे, प्रश्न

विसरण्यात हसण्यासारखे असते तरी काय?

वस्तू हरवली म्हणून कोणी हसत नाही. किल्ली हरवलेल्या माणसाची कीव येते. हसू येते ते किल्ली मुठीत धरून किल्ली शोधणाऱ्या माणसाचे, आणि शोधता शोधता तो घरातल्या प्रत्येकाला ‘माझ्या वस्तूंना हात लावत जाऊ नका’ असे बजावत असेल तर अधिकच. ‘काखेत कळसा, गावाला वळसा’ ही म्हण ज्याने पहिल्यांदा उच्चारली त्याला स्मृतीचा स्वभाव पुरता कळलेला असावा, कारण स्मृतीतला मजकूर निसटून जातो, पण त्याबद्दलची खात्री जागची हलत नाही. खालच्या बहुतेक उत्तरांचे मूळ या एका विसंगतीत सापडेल.

मागे एकदा वीज गेलेली असताना मी पलंगाखाली वाकून माझा फोन शोधत होतो. रात्री तो उशाजवळून घसरून खाली पडल्याचा आवाजसुद्धा मला स्पष्ट आठवत होता. पलंगाखाली पेनाचे एक टोपण, जोडीदार गमावलेला एक मोजा आणि वर्षभरापूर्वी ज्याच्यावरून घरात वाद झाला होता तो मोजपट्टीचा तुकडा, असे सगळे सापडले. चारपाच मिनिटांनी, वीज नसताना इथे एवढा लख्ख उजेड कुठून पडतो आहे अशी शंका आली, तेव्हा उजव्या हातातल्या फोनचा टॉर्च दिसला. फोन पडल्याचा तो आवाज मला अजूनही आठवतो.

दुसऱ्या खोलीत गेल्यावर ‘मी इथे कशाला आलो होतो बरे?’ असे का होते?

या प्रश्नावर प्रयोग झालेले आहेत. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठातले गेब्रिएल रॅडव्हान्स्की आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ पासून यावर निबंध प्रसिद्ध केले. संगणकावर उभ्या केलेल्या खोल्यांतून माणसांनी एक वस्तू उचलून दुसरीकडे न्यायची, आणि मध्येच त्यांना वस्तूबद्दल प्रश्न विचारायचा, असे या प्रयोगांचे साधारण स्वरूप होते. चालण्याचे अंतर तेवढेच ठेवले, तरी मध्ये दार ओलांडावे लागले की उत्तरे अधिक चुकत. त्यांचे स्पष्टीकरण असे की मन घडणाऱ्या गोष्टींचे प्रसंग पाडत जाते आणि दार ओलांडणे ही एका प्रसंगाची अखेर ठरते, त्यामुळे मागच्या प्रसंगातला माल थोडा दूर सरकतो.

मूळच्या खोलीत परत जाऊन उभे राहिले की आठवते, असा घराघरांतला समज आहे. त्याच गटाने २०११ मध्ये हेही तपासले, आणि नुसते मूळच्या खोलीत परतल्याने स्मृती सुधारली नाही. घरात हा उपाय कधीकधी लागू पडतो तो बहुधा अशासाठी, की ज्या वस्तूकडे पाहून विचार सुचला होता ती वस्तू तिथे पुन्हा नजरेस पडते. पुढे २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बॉन्ड विद्यापीठातल्या संशोधकांना असे आढळले की साध्या परिस्थितीत दाराचा परिणाम जवळपास दिसतच नाही आणि माणसाला जोडीला मोजणीचे एखादे काम दिले की तो दिसू लागतो. म्हणजे दोष एकट्या दाराचा नाही. आपण डोक्यात आधीच दुसरे ओझे घेऊन त्यातून जात होतो.

इथे माझे एक निरीक्षण नोंदवतो. अशा वेळी सहसा कोणी रिकाम्या हाताने परत येत नाही. आलोच आहोत तर एखादे कपाट उघडून बघतो, उशी सरळ करतो, खिडकी लावतो, आणि अगदी याचसाठी आलो होतो असा चेहरा करून बाहेर पडतो, खोलीत आपल्याखेरीज कोणी नसले तरीही.

नाव अगदी जिभेवर असते, पण ओठांवर येत नाही. हा काय प्रकार आहे?

विल्यम जेम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १८९० मध्ये या अवस्थेचे केलेले वर्णन अजून शिळे झालेले नाही. विसरलेल्या नावाच्या जागी पोकळी असते, पण ती साधी पोकळी नसते. तिला त्या नावाचाच आकार असतो, आणि चुकीचे नाव सुचवले तर ती ते तत्काळ नाकारते. नाव काय आहे हे आपल्याला ठाऊक नसते, पण काय नाही हे ठामपणे ठाऊक असते.

१९६६ मध्ये रॉजर ब्राऊन आणि डेव्हिड मॅक्नील यांनी विद्यार्थ्यांना दुर्मीळ इंग्रजी शब्दांच्या केवळ व्याख्या वाचून दाखवल्या. उदाहरणार्थ, समुद्रावर असताना सूर्याची किंवा ताऱ्याची उंची मोजण्याचे उपकरण कोणते? ज्यांना शब्द जिभेवर असल्यासारखा वाटत होता, त्यांना तो सांगता येत नसला तरी त्याचे पहिले अक्षर कोणते आणि त्यात किती उच्चारघटक आहेत हे योगायोगापेक्षा बरेच अधिक वेळा बरोबर सांगता आले. तेव्हा ‘तीन अक्षरी आहे हो, प्र-ने सुरू होते, मध्ये कुठेतरी जोडाक्षर आहे’ असे म्हणणारा माणूस थापा मारत नसतो. त्याच्या हाती डबा आलेला असतो, फक्त झाकण निघत नसते.

या अवस्थेत शेजारच्यांनी करू नये अशी एकच गोष्ट आहे आणि शेजारचे नेमकी तीच करतात, म्हणजे आवाजाला जवळची पण चुकीची नावे एकामागून एक सुचवत राहतात. त्यातले एखादे असे काही चिकटते की खरे नाव त्याच्यामागे दडून बसते. विषय सोडून द्यावा, नाव आपोआप येते. ते प्रायः रात्री अडीचला येते आणि त्या वेळी ते ऐकवण्यासाठी कोणाला उठवू नये, एवढेच पथ्य पाळावे.

माणसाचा सगळा इतिहास आठवतो, नाव मात्र आठवत नाही. माझ्यातच काही कमी आहे का?

नाही, ही खोड नावांचीच आहे. दोन गटांना एकच छायाचित्र दाखवा. एका गटाला सांगा की हे गृहस्थ सुतार आहेत, म्हणजे लाकडाचे काम करतात. दुसऱ्या गटाला सांगा की यांचे आडनाव सुतार आहे. शब्द एकच, चेहरा एकच, तरीही नंतर विचारल्यावर व्यवसाय अधिक जणांना आठवतो आणि आडनाव कमी जणांना. या तऱ्हेचे प्रयोग इंग्रजी आडनावे घेऊन १९८७ पासून झालेले आहेत. सुतार म्हटले की रंधा, भुसा, करवतीचा आवाज, न मिळालेली तारीख, असे कितीतरी धागे मनात जुळतात, पण आडनावाला तसा एकही धागा नसतो. त्या गृहस्थांचे आडनाव सुतारच का याला काही कारणच नाही, आणि ज्याला कारण नाही ते लक्षात ठेवणे मनाच्या जिवावर येते.

खरी परीक्षा ‘ओळखलंत ना?’ या प्रश्नाने सुरू होते. याचे प्रामाणिक उत्तर देण्यासाठी फार तर दोन सेकंदांची मुदत असते. ती उलटली की ‘अहो, म्हणजे काय!’ हे शब्द तोंडातून गेलेले असतात आणि माघार घेण्याची वाट बंद झालेली असते. मग पुढचे संभाषण सर्वनामांवर चालते. ‘बाकी काय?’, ‘घरचे सगळे?’, ‘काम काय म्हणतंय?’, ‘अजून तिथेच का?’ यांतला ‘तिथेच’ हा शब्द कोणत्याही ठिकाणाला लागू पडत असल्याने विशेष उपयोगी आहे. वीस मिनिटे हे सुरळीत चालते आणि तेवढ्यात तिसरी ओळखीची व्यक्ती येऊन उभी राहते, जिच्याशी ओळख करून देणे भाग असते. अशा वेळी ‘तुम्ही एकमेकांना ओळखत असालच’ असे म्हणून दोघांकडे आळीपाळीने पाहत राहावे, कारण सभ्य माणसे आपली नावे आपणच सांगतात. माझ्या बाबतीत एकदा ते दोघेही नुसतेच हसले होते. त्या दोघांनाही एकमेकांची नावे आठवत नव्हती, हे मला पुढे कळले.

खोटे बोलणाऱ्याची स्मरणशक्ती चांगली असायला हवी, असे पहिल्या शतकातला रोमन वक्तृत्वगुरू क्विंटिलियन लिहून गेला आहे. ‘ओळखलंत ना’च्या बाबतीत अडचण अशी, की मुळात स्मरणशक्ती चांगली नसते म्हणूनच खोटे बोलावे लागते.

हातून भलतेच काम का होते? सोललेले फेकायचे आणि साल ठेवायची, असे.

माणसाच्या चुकांचा अभ्यास करणारे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांचा अभ्यास अशाच एका घटनेने सुरू झाला, असे ते स्वतः सांगत. चहा करत असताना त्यांचे मांजर खाण्यासाठी ओरडू लागले आणि त्यांनी मांजराचे खाणे चमच्याने चहाच्या किटलीत घातले. दोन्ही कामे रोजची, दोन्हींत चमचा, दोन्हींत काहीतरी एका भांड्यात घालायचे. हात आपल्या वळणाने गेला आणि लक्ष त्याच्यासोबत गेले नाही. पुढे त्यांनी लोकांना आपापल्या अशा चुकांची रोजनिशी ठेवायला सांगितली, आणि दिसले ते असे की या चुका सरावाच्या कामांत होतात. नवशिक्या माणूस गोंधळेल, अडखळेल, पण किटलीत मांजराचे खाणे घालण्याइतकी सहजता त्याच्याजवळ नसते.

याचाच एक भाऊबंद म्हणजे मुख्य काम झाले की उरलेले शेपूट विसरणे. छायाप्रती काढून झाल्या की मूळ कागद यंत्रातच राहतो. पैसे काढण्याच्या यंत्रांतून पूर्वी आधी पैसे येत आणि मग कार्ड, त्यामुळे लोक पैसे घेऊन समाधानाने चालू लागत. आता अनेक यंत्रे आधी कार्ड घ्यायला लावतात आणि मगच पैसे देतात. माणसाचा स्वभाव बदलणे शक्य नसल्याने यंत्राचा बदलला, हे मला फार शहाणपणाचे वाटते.

कुलूप लावले होते की नाही, याची शंका घराबाहेर पडल्यावरच का येते?

आतापर्यंतच्या उत्तरांत मजकूर जात होता आणि खात्री राहत होती. इथे उलटे घडते. नेदरलँड्समधले मार्सेल व्हान डेन हाऊट आणि मेरेल किंट यांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात लोकांनी संगणकावरची गॅसची शेगडी पुन्हा पुन्हा तपासायची होती. वारंवार तपासणाऱ्यांच्या आठवणीची अचूकता फारशी ढळली नाही, पण ती आठवण फिकी झाली आणि तिच्यावरचा त्यांचा विश्वास उडाला. परत जाऊन कुलूप ओढून पाहिल्याने शंका फिटत नाही, तिला खतपाणीच मिळते, कारण आता ‘ओढून पाहिले ते आज की काल?’ हा नवा प्रश्न उभा राहतो. एक परिचित गृहस्थ कुलूप लावताना मोठ्याने त्या दिवसाचा वार उच्चारतात. शेजारी चमकून पाहतात, पण त्यांना जिन्यावरून परत फिरताना मी कधी पाहिलेले नाही.

तीच गोष्ट त्याच माणसाला मी पुन्हा पुन्हा सांगतो, असे घरचे म्हणतात. ते खरे असेल का?

असणारच. गोष्ट कोणाकडून ऐकली हे लक्षात ठेवण्यापेक्षा ती कोणाला सांगितली हे लक्षात ठेवणे अवघड असते, असे नायजेल गोपी आणि कॉलिन मॅक्लाउड यांनी २००९ मध्ये दाखवले. सांगताना आपले सगळे लक्ष आपल्या सांगण्याकडे असते, समोरच्याच्या चेहऱ्याकडे नसते. म्हणून ‘हे तुम्हाला सांगितलं का मी?’ असे विचारून, उत्तराची वाट न पाहता, लोक सुरू करतात.

यापेक्षा लाजिरवाणा प्रकार म्हणजे एखाद्याने सांगितलेला विनोद काही महिन्यांनी त्यालाच आपला म्हणून ऐकवणे. गोष्ट राहते, तिचा उगम पुसला जातो. न्यायालयानेही हे मानलेले आहे. संगीतकार जॉर्ज हॅरिसन यांनी जुन्या एका गाण्याची चाल उचलली, पण नकळत उचलली, असा निकाल अमेरिकेतल्या न्यायालयाने १९७६ मध्ये दिला. नकळत असली तरी भरपाई चुकली नाही, हे विनोद परत सांगणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

पती-पत्नींच्या आठवणी एकमेकांशी का जुळत नाहीत?

मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ मध्ये विवाहित जोडप्यांतल्या दोघांना स्वतंत्रपणे विचारले की घरातल्या अमुक कामात तुमचा वाटा किती. बहुतेक कामांत दोघांच्या वाट्यांची बेरीज शंभर टक्क्यांच्या पुढे गेली. यात लबाडी नाही. आपण घासलेले भांडे आपल्याला आठवते, दुसऱ्याने घासले ते फक्त स्वच्छ दिसते.

शिवाय आठवण ही कपाटातून काढलेली जुनी वही नसते. ती प्रत्येक वेळी नव्याने लिहिली जाते, आणि लिहिताना समोरच्याचे शब्द आत शिरतात. एलिझाबेथ लोफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये लोकांना मोटारींच्या अपघाताची चित्रफीत दाखवली. मोटारी ‘धडकल्या’ तेव्हा वेग किती होता असे काहींना विचारले आणि काहींना त्याहून जोरकस शब्द वापरून विचारले. जोरकस शब्द ऐकणाऱ्यांनी वेग जास्त सांगितला, आणि आठवड्याने त्यांच्यातल्या अधिक जणांना फुटलेल्या काचाही आठवल्या. चित्रफितीत काच फुटलेलीच नव्हती. ‘तू तेव्हा ओरडला होतास’ आणि ‘मी फक्त म्हणालो होतो’ हा वाद कोणाच्याच बाजूने का सुटत नाही, हे यावरून कळावे. माझ्या फोनच्या पडण्याचा आवाजही याच जातीचा.

मोठी माणसे विसरभोळी असतात, हे खरे का?

मोठ्या माणसांचे विसरणे लोकांच्या लक्षात राहते, एवढे नक्की खरे. चेलोवादक यो-यो मा यांनी १९९९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आपला चेलो टॅक्सीच्या डिकीत ठेवला आणि ते उतरून निघून गेले. तो १७३३ मध्ये घडवलेला होता आणि त्याची किंमत सुमारे २५ लाख डॉलर धरली जात होती. मात्र भाड्याची पावती त्यांनी जपून ठेवली होती, आणि चेलो त्याच दिवशी परत मिळाला. लाखोंचे वाद्य विसरणारे आणि टॅक्सीची पावती न विसरणारे मन एकच असते, यात मला तरी विसंगती वाटत नाही. पावती खिशात ठेवणे ही सवय असते, रोजची वस्तू रोजच्यापेक्षा निराळ्या जागी ठेवली की घात होतो.

इंग्रज लेखक जी. के. चेस्टरटन यांनी पत्नीला तार केल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. ‘मार्केट हार्बरो येथे आहे. मी कुठे असायला हवे?’ असा तारेचा मजकूर होता म्हणतात. चेस्टरटन यांनी आत्मचरित्रात या गोष्टीचा उल्लेख केला आहे आणि ती खरी आहे की नाही हे आपल्याला आठवत नाही, पण ती अशक्य वाटत नाही, असे लिहिले आहे. या विषयावर इतका प्रामाणिक खुलासा दुसऱ्या कोणी केलेला माझ्या पाहण्यात नाही.

शिकलेले किती दिवसांत उडून जाते?

हर्मान एबिंगहाऊस या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून, स्वतःच विसरून, १८८५ मध्ये याचा हिशेब मांडला. पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात हे त्याचे माप होते. २० मिनिटांनी सुमारे ५८ टक्के श्रम वाचत, एका दिवसाने ३४ टक्के आणि ३१ दिवसांनी २१ टक्के. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचणाऱ्यांना हा आलेख न पाहताच ठाऊक असतो.

ज्यांना सगळेच आठवते ते सुखी असतात का?

रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्सांद्र लुरिया यांनी सोलोमन शेरेशेव्स्की या माणसाचा अनेक वर्षे अभ्यास केला. हा वार्ताहर होता, आणि बैठकीत सगळे टिपणे घेत असताना हा स्वस्थ बसतो म्हणून संपादकाने त्याला जाब विचारला, तेव्हा त्याने सगळ्या सूचना शब्दशः परत म्हणून दाखवल्या. पुढे तो रंगमंचावर स्मरणाचे प्रयोग करू लागला आणि अडचणीत आला, कारण आधीच्या खेळातले आकडे नव्या खेळात डोळ्यांसमोर येत. विसरण्यासाठी त्याने ते कागदावर लिहून पाहिले. इतर माणसे लक्षात ठेवण्यासाठी लिहितात, याने विसरण्यासाठी लिहिले. तेवढ्याने भागेना म्हणून कागद जाळले, तर राखेवरही आकडे दिसले. चेहरे मात्र त्याच्या लक्षात राहत नसत, कारण प्रत्येक भावासरशी ते बदलतात आणि त्याला प्रत्येक बदल वेगळा दिसे. तेव्हा ‘ओळखलंत ना?’ या प्रश्नापुढे तोही तुमच्याआमच्यासारखाच उभा राहिला असता.

हसणे सोडून काळजी कधी करावी?

किल्ली कुठे ठेवली हे विसरणे नेहमीचे आहे. किल्लीचे काय करायचे असते हेच कळेनासे झाले, सवयीच्या रस्त्यावर वाट चुकू लागली, रोजचे व्यवहार अडू लागले किंवा आपल्यापेक्षा घरच्यांना ते अधिक जाणवू लागले, तर वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवावे. कमी झोप, ताण, काही औषधे, थायरॉईडचे विकार आणि ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांनीही विसरणे वाढते आणि त्यांवर उपचार असतात.

लक्षात राहण्यासाठी काय करावे?

स्मरणशक्तीवर विसंबू नये. १९३५ मध्ये अमेरिकेत बोइंग कंपनीचे एक नवे विमान चाचणीच्या उड्डाणात कोसळले, कारण जमिनीवर असताना शेपटीचे भाग जखडून ठेवणारी कळ सोडायची राहून गेली होती. चालवणारे अनुभवी होते. त्यानंतर वैमानिकांसाठी उड्डाणापूर्वीच्या कामांची यादी आली, आणि ती आजही हजारो तास उडालेले वैमानिक ओळीने वाचतात.

यादी करताना, ती वाचणारा माणूस आपल्यासारखाच विसरभोळा आहे हे धरून लिहावी. पदराला किंवा रुमालाला गाठ मारण्यात हीच त्रुटी असते, की गाठ दिसते पण ती कशाची हे ती सांगत नाही. माझ्या टेबलाच्या काचेखाली माझ्याच अक्षरातली एक चिठ्ठी आहे. तिच्यावर ‘मंगळवारी नक्की. या वेळी विसरायचे नाही.’ एवढेच लिहिले आहे आणि ‘नक्की’खाली दोन रेघा आहेत. काय करायचे, कोणत्या मंगळवारी, याचा उल्लेख नाही. लिहिताना ते इतके उघड वाटले असणार की लिहिण्याची गरजच भासली नसावी. चिठ्ठी फेकून देण्याचे धाडस होत नाही, आणि दर सोमवारी रात्री मला थोडे अस्वस्थ वाटते.